पातेऱ्याला काडी लावू नका

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या 'वाचकांची पत्रे'मध्ये एका भगिनींचं पत्र वाचलं. घरच्या घरी ओल्या कचऱ्याचं खत करा हे सांगायला सोपं आहे, पण दोन खोल्यांच्या जागेत उकिरडा कोण पाळणार, असा त्यांचा सवाल आहे. त्यांनी हौसेनं पिंप आणलं, पंधरा दिवसांत वास सुटला, अळ्या झाल्या, शेजारच्यांनी बोलणं टाकलं. शेवटी त्यांनी लिहिलं आहे, की हे सगळे रिकामटेकड्या पेन्शनरांचे उद्योग आहेत.

मी रिकामटेकडा आहे आणि पेन्शनरही आहे (एसटीवाल्याची पेन्शन किती असते ते कृपया विचारू नये). तेव्हा पत्र मलाच लिहिलं आहे असं समजून उत्तर देतो. उत्तर आहे पातेऱ्यात, म्हणजे झाडांच्या वाळक्या पानांत.

आधी हे सांगतो, की त्या भगिनींनी लिहिलेलं एक अक्षरही खोटं नाही. 2017 च्या आषाढात आमच्या घरात हेच झालं. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घेतली, तिला ड्रिलनं चारी बाजूंनी भोकं पाडली, तळाला थोडी माती घातली आणि रोजची सालं, देठं, चहाचा चोथा, उरलेला भात टाकत गेलो. वर घट्ट झाकण. तीन आठवड्यांनी नीट पाहिलं तर आत काळा लगदा, बुडाशी पाणी. आयुष्यभर ग्रीस आणि डिझेल हुंगलेलं माझं नाक, त्यालाही तो वास सोसेना.

त्याच रविवारी मुलीच्या सासरची माणसं जेवायला होती. विहीणबाई हात धुवायला मागच्या पडवीत गेल्या आणि तिथूनच त्यांनी विचारलं, "अहो, हे भिंतीवर काय चढतंय?" करड्या रंगाच्या, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या बादलीतून निघून एकामागे एक भिंत चढत होत्या. आषाढच होता, पण ही दिंडी आमच्या मंडळींना काही रुचली नाही. पाहुणे गेल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "या घरात एक तर ही बादली राहील, नाही तर मी."

त्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत. उलट कचरा झपाट्यानं फस्त करतात आणि कोष करायची वेळ आली, की कोरडी जागा शोधत वर चढतात. पण हे विहीणबाईंना कोण सांगणार?

बादली मी फेकली नाही, धुऊन उपडी ठेवली आणि विचार करत बसलो. मी दापोडीच्या एसटी कार्यशाळेत फिटर होतो. बस काळा धूर ओकायला लागली, की नवा पोरगा आधी पंप खोलायला बघतो. जुना मिस्त्री आधी एअर फिल्टर काढून झटकतो, कारण पुष्कळदा डिझेल ठीक असतं, हवाच पोचत नसते. माझ्या बादलीचं तेच झालं होतं. भाजीची सालं म्हणजे बरंचसं पाणीच. ती एकमेकांवर चिकटून बसली, मधल्या फटी बुजल्या. हवा असताना काम करणारे जिवाणू मेले आणि हवेशिवाय जगणाऱ्यांनी ताबा घेतला. तो वास या दुसऱ्या मंडळींचा. भोकं पाडून काय उपयोग, आतला मालच हवा आत घेत नव्हता.

मग आई आठवली. माझं गाव संगमेश्वर तालुक्यात. माघ लागला, की आई आणि चुलत्या हिराच्या झाडणीनं आंब्या-फणसाखालचा पातेरा ओढायच्या. (पुण्यात पालापाचोळा म्हणतात. मी चाळीस वर्षं इथं राहून पातेराच म्हणतो.) हारे भरभरून तो गोठ्याच्या कडेला रचलेला असायचा, आणि रोज तिन्हीसांजेला त्यातला थोडा गुरांखाली पसरायचा. रात्रभर तो शेणामुतात भिजायचा. सकाळी ओढून गायरीत, म्हणजे खताच्या खड्ड्यात टाकायचा. गायरीला वास नव्हता असं म्हणणार नाही, पण तिच्या शेजारी बसून आम्ही आवळे खायचो.

आईला कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) हे शब्द ठाऊक नव्हते, हिशोब मात्र बरोबर होता. जिवाणूंना साधारण 25 ते 30 भाग कर्बाला एक भाग नत्र लागतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, वाळक्या पानांत कर्ब जास्त. नुसता ओला कचरा ठेवला तर तो सडतो, नुसती पानं ठेवली तर वर्षभर तशीच पडून राहतात. दोन्ही एकत्र आली की काम सुरू होतं. शिवाय वाळकं पान पाणी शोषतं आणि मधे मधे पोकळी राखतं. म्हणजे एअर फिल्टरही तेच आणि इंधनातला निम्मा वाटाही तेच.

आता वाचकांनी जरा आमच्या सोसायटीत डोकवावं. बिऱ्हाडं चोवीस. झाडं म्हणाल तर दोन वर्षावृक्ष, एक पिंपळ, तीन बदाम, एक जांभूळ आणि कुंपणाबाहेर ओळीनं सोनमोहर. माघ-फाल्गुनात रोज सकाळी आवार पानांनी भरलेलं. वॉचमनमामा पहाटे झाडून मीटरच्या खोलीमागे ढीग करायचे आणि दूधवाला यायच्या आत काडी लावायचे. पान दवानं ओलसर असतं, ते भडकून जळत नाही, नुसतं धुमसतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना दमा आहे. फाल्गुनभर त्यांच्या खिडक्या बंद आणि पंप हातात. मी मामांना म्हटलं, जाळू नका. त्यांनी खराटा टेकवला आणि मला विचारलं, "काका, गाडीवाला ओल्यात घेत नाही, सुक्यात घेत नाही. सांगा, कुठं घालू?"

या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि याच महिन्यात त्याच इमारतीत दोन घरांनी खताची तयार पिंपं विकत आणली होती, सोबत नारळाच्या भुश्श्याच्या विटा, ओल्या कचऱ्यावर पसरायला! दारची पानं फुकट जाळायची आणि भुसा पैसे मोजून आणायचा. माझा खरा राग आहे तो या व्यवहारावर. त्या भगिनींच्या पिंपासोबतही अशी एखादी वीट आली असणार, ती चार दिवसांत संपली असणार आणि पुढे पिंपात नुसती सालं पडली असणार, अशी मला दाट शंका आहे. पिंप विकणारा हे सांगत नाही, की यात टाकायला लागणारी निम्मी वस्तू वर्षातून दोन महिने आभाळातून पडते आणि ती तेव्हाच भरून ठेवायची असते. आपल्या घरोघरी गहू-तांदूळ भरतात, मिरच्या भरतात, तशी पानं भरायची.

मी दर वर्षी चौदा-पंधरा पोती भरतो. मामा झाडतात, मी भरतो. पहिल्या वर्षी सोसायटीच्या अध्यक्षांनी हरकत घेतली. पार्किंगमध्ये पोती म्हणजे आगीचा धोका, त्यात साप निघाला तर जबाबदार कोण? आगीचा मुद्दा मी मान्य केला. पोती मीटरपासून लांब, पाण्याच्या टाकीमागे विटांवर रचली, वर ताडपत्री. सापाचं म्हणाल तर आजवर एक सरडा आणि माझी हरवलेली चप्पल निघाली. त्याच पावसाळ्यात मी तयार खत कुंपणाकडेला पसरलं आणि त्यातून आपोआप लाल भोपळ्याचा वेल वर आला. तो अध्यक्षांच्या गाडीच्या आडोशाला जाऊन पसरला आणि त्याला तीन भोपळे धरले. एकाचे घारगे करून मंडळींनी अध्यक्षांच्या घरी पाठवले. त्यानंतर पोत्यांचा विषय सभेत निघालेला नाही.

सगळी पानं सारखी नसतात, हे अनुभवानं शिकलो. वर्षावृक्ष आणि सोनमोहर यांची बारीक पानं सगळ्यांत गुणी, जशी आहेत तशी टाकावीत. बदामाचं पान पत्रावळीसारखं. ओलं झालं, की एकावर एक चिकटून बसतं आणि मधे छत घातल्यासारखं होतं, खालच्याचा श्वास कोंडतो. आंबा-फणसाचं पान चामड्यासारखं, त्याला दम धरावा लागतो. म्हणून मोठी पानं चुरून घ्यायची. पोतं अर्धं भरायचं, तोंड बांधायचं आणि वर नाचायचं. नातू येतो, तेव्हा हे काम त्याच्याकडे असतं. पाच मिनिटांत पोतं खाली बसतं आणि पोरगा रात्री लवकर झोपतो. पिंपळाचं पान मात्र मी वेगळं चुरत नाही. तीन महिन्यांनी खत चाळताना त्याची जाळी तेवढी शिल्लक राहिलेली मिळते, सोनाराच्या तारेसारखी बारीक. अशा दोन जाळ्या माझ्या पासबुकात आहेत.

रीत विचाराल तर अशी. बादलीच्या तळाला चार बोटं पानांचा थर. त्यावर दिवसाचा ओला कचरा, जमेल तेवढा बारीक करून. एक वाटी सालं असतील तर दोन वाट्या चुरा. सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा पेलाभर आंबट ताक, म्हणजे विरजण लागल्यासारखं होतं. रोज वरचा थर पानांचाच असला पाहिजे, ओलं काही उघडं दिसता कामा नये. एवढं एक पाळलं तरी चिलटं निम्म्यावर येतात. आठवड्यातून एकदा खुरप्यानं तळापासून वर-खाली करायचं. मूठभर उचलून दाबून बघायचं. बोटांतून पाणी गळलं तर पानं घाला, मूठ उघडताच भुगा होऊन सांडलं तर पाणी शिंपडा. मूठ वळली पाहिजे आणि हात ओलसर झाला पाहिजे, बस्स.

बाकी निदान नाकानं करायचं, जसं आम्ही इंजिनाचं कानानं करायचो. सडक्या अंड्याचा वास आला तर हवा कोंडली आहे, उकरा. मुतारीसारखा झोंबणारा वास आला तर नत्र जास्त झालं, पानं वाढवा. कसलाच वास नाही आणि काही बदलतही नाही, तर कोरडं पडलं आहे. पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास आला, की झालं काम. आमच्या दोघांच्या स्वयंपाकघरातून महिन्याला वीस किलोच्या आसपास ओला कचरा निघतो, मी एकदा महिनाभर ताणकाट्यावर तोलून पाहिला आहे. त्यातून खत चार-पाच किलो होतं. तीन बादल्या आळीपाळीनं भरतो. एक भरते, एक मुरते, एक चाळायला तयार असते. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, आमच्या बादलीचा तीन महिन्यांत फिटला. मंडळी अजून याच घरात आहेत, आणि कढीलिंब, अळू, गवती चहा बाजारातून येत नाही, हे त्याच सगळ्यांना सांगतात.

चुका अजूनही होतात. आम्ही कोकणातले, मासळी सुटत नाही. एकदा बांगड्याची डोकी आणि काटे बादलीत घातले. रात्रीत घुशीनं भोकापाशी कुरतडून मूठ जाईल एवढं भगदाड पाडलं आणि सगळा माल पडवीभर. तेव्हापासून मासळीचं ते जांभळाच्या बुडात खोल पुरतो. तेलकट रस्सा, हाडं घालत नाही. लिंबाची सालं थोडी चालतात, सरबताच्या दिवसांत सगळीच घातली तर काम मंदावतं. आंब्याची बाठ कुजत नाही, उगवते. मागच्या मृगात आमच्या बादलीत अकरा आंब्याची रोपं होती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पातेरा आम्हीही जाळायचो. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा म्हणजे शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या पालेदार फांद्या), गवत, पातेरा आणि वर माती असे थर द्यायचे आणि पेटवायचे. पण ती राख त्याच वाफ्यात राहायची आणि पहिल्या पावसानंतर तिच्यातच भात पेरलं जायचं. मीटरच्या खोलीमागची राख पन्हाळीनं गटारात जाते. गावची आठवण सांगून सोसायटीतल्या धुराचं समर्थन करणारे माझ्या ओळखीचे दोघे-तिघे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

हे शास्त्र बाहेरून आलेलं नाही, हेही सांगायला हवं. 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातल्या काडीकचऱ्याचं तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात. त्यातही काडीकचरा आधी बैलांखाली अंथरायचा आणि मग थर लावायचा, म्हणजे आमच्या गोठ्यातलंच. 1931 साली या कामावर जे पुस्तक निघालं, त्यावर दोघांचंही नाव आहे. पुढे हॉवर्ड सेंद्रिय शेतीचे पितामह ठरले आणि वाडांचं नाव आपल्या मराठी माणसांतही कुणाला माहीत नाही. असो, विषय तो नाही.

कायदा आहे का? आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा रस्त्यावर किंवा उघड्यावर जाळायला मनाई केली. बागेतला आणि झाडांचा कचरा वेगळा ठेवायचा, आणि उद्यानांतला शक्यतो उद्यानांतच जिरवायचा, असंही त्यात लिहिलं होतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये भरपाई ठरवून दिली. पण मी मामांवर तक्रार करणार नाही. आठ-दहा हजारांत बारा तास राबणाऱ्या माणसाला पाच हजारांचा दंड लावून पान कुठं घालायचं, ते त्याला कळणार नाही. आमच्या पुण्यात गांडूळखताचा प्रकल्प असेल तर मिळकतकरात सवलतही मिळते. मिळावीच. पण सवलतीपुरता बांधलेला एक खड्डा मी एका सोसायटीत पाहिला आहे. आत दोन मोडके झाडू, एक कुंडी आणि पोरांचे क्रिकेटचे चेंडू. गांडूळ म्हणून काही नव्हतं.

माझं मागणं लहान आहे. माघ आणि फाल्गुन हे दोन महिने आठवड्यातून एक दिवस फक्त पानांसाठी गाडी ठेवावी. रस्त्यावरची आणि उद्यानांतली पानं पोत्यांत भरून प्रत्येक प्रभागात एका जागी रचावीत, आणि ज्याच्या घरी खताची बादली आहे त्यानं तिथून हवी तेवढी न्यावीत. या शहरात पान टाकायला जागा नाही म्हणून रडणारी माणसं आणि पान नाही म्हणून बादली फेकून देणारी माणसं एकाच गल्लीत राहतात. मधे एक पोतं कमी पडतं आहे. पिंपं विकणाऱ्यांनीही खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापावं, की सोबत वर्षभराची वाळकी पानं लागतील. खप कमी झाला तरी चालेल.

त्या भगिनींना माझी विनंती आहे, की पिंप अजून टाकलं नसेल तर टाकू नका. आतला लगदा वर्तमानपत्रावर पसरून एक दिवस उन्हात सुकवा, मग दुप्पट पानं घालून पुन्हा भरा. पहिले चार दिवस वास येईल, पाचव्या दिवसापासून कमी होईल. होळी आठ दिवसांवर आहे, पानं भरायचे हेच शेवटचे दिवस. तुमच्या इमारतीला झाड नसेल तरी हरकत नाही. माझ्याकडे या साली सतरा पोती झाली आहेत, मला चौदा पुरतात. माझा पत्ता आपल्या कचेरीत दिलेला आहे, तिथून घ्यावा आणि केव्हाही यावं. तीन पोती बाजूला काढून ठेवली आहेत, बदामाची पानं नातवानं चुरून दिलेली. पोती मात्र झटकून परत आणून द्यावीत, हल्ली चांगलं गोणपाट मिळत नाही.

आपला,
एसटीचा एक निवृत्त फिटर,
पुणे